तीन मिलीमीटर

आई बिडाच्या तव्यावर घावन काढायची,
साधारण तेवढीच जाडी.
तेवढी भिंत आम्हाला लोखंडात हवी होती,
भांडुपला, सोनापूरच्या आतल्या गल्लीत,
जिथे दोन टेम्पो समोरासमोर आले
की एकाला मागे जावंच लागतं.

पहिल्या लॉटचे चाळीस ब्रॅकेट.
वालावलकरांनी एकेक ऐरणीवर धरून हातोडी मारली.
एकोणतीस वाकले.
अकरा तुटले,
आतून पांढरे, खडीसाखरेसारखे चमकणारे.
"बाई, हे तुमचं काम," म्हणाले
आणि तुकडे माझ्या टेबलावर ठेवून
तंबाखू मळत उभे राहिले.

माझी खोली म्हणजे संडासाच्या अलीकडची.
फिरती चकती, ओली मखमल,
नायटलचे चार थेंब, मग अल्कोहोल,
मग भाचीचा जुना हेअर ड्रायर.
शंभरपट मोठं केलं की दिसतं:
ग्राफाइटचे गोळे मोजकेच,
एकमेकांपासून लांब,
आणि मधल्या जागेत कार्बाइडची पांढरी जाळी.
रागात दिलेल्या शब्दासारखी,
कठीण आणि ठिसूळ.

कार्बनला बसायला वेळ लागतो.
जाड भागात तो मिळतो,
पातळ भिंतीला वाळू दोन्हीकडून पिते.
आधी लोखंडाच्या फांद्या फुटतात,
फांद्यांमधे थोडा रस उरतो,
त्या रसात कार्बनला टेकायला कणभर आधार नसेल
तर तो लोखंडालाच मिठी मारतो
आणि सोडत नाही.

शिवाय मॅग्नेशियम.
लाडलमध्ये पडताना सगळं शेड पांढरं करतं,
चंद्रभान दरवेळी तोंड फिरवतो,
आणि त्या क्षणापासून ते उडू लागतं.
मी घड्याळ लावून बसले.
पहिल्या साच्याला चार मिनिटं.
शेवटच्याला अकरा.
तुटलेले अकराही शेवटच्या रांगेतले.
(अकराला अकरा. मी दोनदा मोजलं.)

लाडलला वळसा पडतो तो जुन्या क्युपोलाच्या चबुतऱ्याचा.
क्युपोला जाऊन सोळा वर्षं झाली,
चबुतऱ्याला अजून दसऱ्याला झेंडू.
मालक म्हणाले, फोडा.
वालावलकर काही म्हणाले नाहीत,
फक्त त्यावर ठेवलेला आपला डबा
हलवला नाही.

मग मीच म्हटलं, विरजण लावू.
लाडलमध्ये लावतोच, पण ते वाटेत मरतं.
अगदी ओतताना लावू, धारेत.
फेरोसिलिकॉनची पूड, रव्याहून बारीक,
चहाच्या चमच्याने, प्रत्येक साच्याला.
चंद्रभानला हसू आलं:
मराठीत विरजण पडणं वाईट ना, बाई?
वाईटच. पण इथे नाही पडलं तर वाईट.

दुसरा लॉट ओतला गुरुवारी, दुपारी.
चंद्रभान लाडल तिरकी करतोय,
शेजारी वालावलकर, हातात चमचा,
बाळाला गुटी पाजावी तसे वाकलेले.

रात्री आठला मी पहिला नमुना पाहिला
आणि चकती थांबवायला विसरले.
गोळेच गोळे.
चौरस मिलीमीटरला सहाशे सत्तर,
प्रत्येकाभोवती फेराइटचं फिकट कडं,
कड्याबाहेर पर्लाइट, राखी, बोटांच्या ठशासारखं.
प्रत्येक गोळा फुगताना
आकसत्या लोखंडाची जागा थोडी थोडी भरून देत गेलेला.
गार होण्याची घाई तीच होती, सेकंदही कमी नाही.
त्याच घाईने आधी सगळं पांढरं केलं होतं,
आधार मिळाल्यावर तिनेच इतके,
आणि इतके लहान, घडवले.

एका कोपऱ्यात, जिथे भिंत अडीचवर आली होती,
जाळी अजून होती. तसं रजिस्टरात लिहिलं.

वालावलकरांना बोलावलं.
तेहतीस वर्षं ओतलेलं
त्यांनी आतून कधी बघितलं नव्हतं.
चष्मा काढला, एक डोळा लावला, मग दुसरा.
"मोहरी सांडल्यासारखं," म्हणाले.
बराच वेळ हलले नाहीत.
मग विचारलं, "यातला शेवटच्या साच्याचा कुठला?"

टेबलावर दोन नमुने होते,
चिठ्ठ्या मी ड्रायरने उडवल्या होत्या.
पुन्हा दोन्ही बघितले.
मला सांगता येईना.